बैलांना अहो म्हणणारे काका

माणसांना अरे-तुरे आणि जनावरांना अहो-जाहो करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते डहाणूतले माझे घरमालक होते. कचेरीतला साहेब असो नाहीतर बँकेतला, काकांच्या तोंडी त्याला 'काय रे'च असे. पण गोठ्यात शिरताना ते दाराशी चपला काढत आणि आत बांधलेल्या बैलाला म्हणत, "बसा, बसा. उठू नका." बैल बहुतेक वेळा उठत नसे. काका त्याचे आभार मानत.

ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. माझी बदली त्याआधीच घाटावर झाली होती, त्यामुळे शेवटी भेट झाली नाही. काकींचा फोन आला तेव्हा मी एका गावात शेळ्यांना लस टोचत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या शेळ्या टोचून पुऱ्या केल्या. काकांना तेच बरं वाटलं असतं, असं तेव्हा मनात आलं आणि अजूनही येतं.

मी पशुधन पर्यवेक्षक. गावात आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात, पण डॉक्टर आमच्या वरचे. आम्ही लस टोचणारे, कानात बिल्ले मारणारे, रजिस्टर भरणारे. पहिली नेमणूक तलासरी तालुक्यात मिळाली, महामार्गाच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यांत. तिथे एकटीला राहण्याजोगी खोली मिळेना, म्हणून डहाणूत शोधत होते. स्टेशनाकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या माडीवर एक खोली रिकामी असल्याचं कोणीतरी सांगितलं. खाली ओट्यावर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ मलमलच्या फडक्याने कॅमेऱ्याचं भिंग पुसत बसले होते. त्यांनी माझं नाव, गाव, लग्न झालंय का, यातलं काही विचारलं नाही. काम काय करतेस एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"गाय उठताना आधी पुढचे पाय उचलते की मागचे?"

"मागचे," मी म्हटलं. "घोडा पुढचे उचलतो."

"सामान कधी आणतेस?" ते म्हणाले.

माझ्याआधी एक बँकवाला आणि एक प्राध्यापक या प्रश्नावर अडून परत गेले होते, हे नंतर काकींकडून कळलं. काकी मूळच्या उंबरगावच्या, घरात गुजराती बोलणाऱ्या. नवऱ्याविषयी त्यांचं मत दोन शब्दांत होतं : "गांडा छे." वेडा आहे. हे त्या रागाने म्हणत नसत. आज वारा बरा आहे, चिकूच्या फोडी गच्चीवर वाळत घालते, असं म्हणावं तशा सुरात म्हणत.

स्टुडिओ बंद का केला, याची काकांनी मला सांगितलेली हकीकत अशी. स्टुडिओ जोरात चालू असतानाची, बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पूर्वेकडच्या पाड्यांतून गवताच्या बैलगाड्या डहाणूच्या वखारींत यायच्या. असाच एक गाडीवाला कसल्याशा कागदासाठी फोटो काढायला आला. बैल बाहेर विजेच्या खांबाला बांधला. स्टुलावर बसल्याबरोबर त्या माणसाचा दगड झाला. हनुवटी खाली घे, खांदे सैल सोड, काका सांगत राहिले, पण तो जो ताठ झाला तो झालाच. तेवढ्यात काकांची नजर खिडकीबाहेर गेली. बैल रस्त्याकडे बघत उभा होता, आणि फोटोवाला आपल्याकडे बघतोय याचं त्याला काही नव्हतं. काका कॅमेरा घेऊन बाहेर गेले, बैलाचा फोटो काढला, मग आत येऊन माणसाचा काढला. दोन्ही धुऊन आले तेव्हा माणूस कागदापुरता होता आणि बैल अख्खा होता.

"तेव्हाच ठरवलं," ते मला म्हणाले, "पोटापुरतं झालं की माणसं बंद."

पोटापुरतं व्हायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर मोबाइल आले होते, त्यामुळे लोकांना वाटलं की मोबाइलने स्टुडिओ खाल्ला. काकांनी तो गैरसमज दूर करायची तसदी घेतली नाही.

त्या गाडीवाल्याचं नाव रूपजी. तो उधव्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर राहायचा. त्याचा फोटो द्यायच्या निमित्ताने काका पहिल्यांदा त्याच्या घरी गेले आणि तिथून त्यांचं हे वेड सुरू झालं.

वेडाला नियम होते. वर्षाच्या चार फेऱ्या ठरलेल्या. उन्हाळ्यात राब भाजतात तेव्हा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा आणि शेण घालून जाळून तयार करतात तेव्हा, पहिली. लावणीत दुसरी. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, ती तिसरी. आणि चौथी माघात, जेव्हा शेतं रिकामी असतात, गुरं डोंगरात मोकळी सोडलेली असतात आणि गोठ्यात काही नसतं. मी एकदा विचारलं की गुरंच नसताना जाऊन करायचं काय. ते म्हणाले की गोठा तर असतो ना. खरोखरच ते रिकाम्या गोठ्यांचे फोटो काढत. रिकामी दावण, गुरांनी अंग घासून गुळगुळीत केलेली लाकडी मेढ, कोपऱ्यात अंडी उबवत बसलेली कोंबडी.

सात-आठ पाड्यांवरची सतरा-अठरा घरं ठरलेली होती, आणि प्रत्येक घरी उभं राहायची जागा ठरलेली. त्या जागी त्यांनी एकेक दगड पुरून ठेवला होता. तिथूनच फोटो. एक पाऊल इकडे नाही, एक तिकडे नाही. एका घरी कोणीतरी तो दगड उचलून चुलीला लावला, तर काका त्या चुलीपुढे उकिडवे बसले आणि भाकऱ्या होऊन दगड निवेपर्यंत थांबले.

त्यामुळे त्यांच्याकडे एक वेगळीच चीज जमा झाली होती. चिकूच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, घरवार, फेरीवार, पोस्टकार्डाएवढे फोटो. एक खोकं काढून भराभर फोटो बघत गेलं की एकाच गोठ्याचं छप्पर पेंढ्याचं असतं, मग कौलारू होतं, मग पत्र्याचं, मग पत्र्यावर निळं प्लास्टिक येतं. बैल म्हातारे होतात, नाहीसे होतात, त्यांच्या जागी गोऱ्हे उभे राहतात. समोरच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर एक वर्ष नागली, एक वर्ष वरई, मग काहीच नाही, मग आंब्याची कलमं. फोटोच्या मागे ते तारीख लिहीत नसत. लिहीत ते असं : 'रूपजीकडे. नागली कापून दोन दिवस झाले. पवळ्या आजारी.'

माझी स्कूटी आली आणि काकांच्या एसटीच्या फेऱ्या संपल्या. मला त्या पाड्यांवर जावंच लागे, आणि मागे बसलेला माणूस तिथल्या प्रत्येक घराला ओळखत होता. पावसाळ्यात ते कॅमेरा स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, सभोवती तांदूळ भरून ठेवत. तांदूळ ओल खातो म्हणत. तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून ते मागे बसत, त्यामुळे वळणावर त्यांना आधार कशाचाच नसे. मी हळू चालवायला शिकले ते त्यांच्यामुळे.

फोटो काढायला त्यांना फार वेळ लागे. जाऊन बसायचे. बैल उभा असेल तर तो बसेपर्यंत, बसला असेल तर रवंथ पुरं होईपर्यंत. तोवर माझ्या दहा लशी टोचून व्हायच्या. सूर्य मावळताना डोंगर लाल झाला, धुकं उतरलं, की मी घाईने त्यांना हाक मारायची, आणि ते मान हलवायचे. ते कॅलेंडरवाल्यांचं आहे, म्हणायचे. एकदा मुंबईकडून चार-पाच हौशी फोटोवाले मोठमोठे कॅमेरे घेऊन आले होते. गवताचा भारा डोक्यावर घेऊन चाललेल्या एका बाईला ते पुन्हा मागे जाऊन यायला सांगत होते, ऊन बरोबर पडलं नव्हतं म्हणून. काका उठले, बाईला भारा उतरवायला लावला आणि त्यांच्यातल्या एकाला म्हणाले की आता तू उचल, मी तुझा काढतो. तो हसत वाकला, पण भारा काही त्याच्याने गुडघ्याच्या वर गेला नाही. बाई मात्र पोटभर हसली आणि भारा एका झटक्यात डोक्यावर घेऊन निघून गेली.

प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीचे फोटो घरोघर द्यायचे, हाही नियम. रूपजीच्या बकरीने एकदा स्वतःचाच फोटो खाऊन टाकला. सगळे हसले. काका म्हणाले, "आवडला नसेल त्यांना." पुढच्या खेपेला त्यांनी तिचा दुसरा, जरा बरा आणला.

रूपजीचं घर हे त्यांचं खरं घर होतं म्हटलं तरी चालेल. दोघे साधारण एका वयाचे. रूपजी बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याची बायको काशी आम्ही दिसलो की न विचारता काळा चहा ठेवायची. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर घरातल्या जुन्या लग्नात तांदळाच्या पिठाने रंगवलेला पांढरा चौक पुसट दिसायचा आणि त्याच्या शेजारी काकांनी दिलेले सगळे फोटो भाताच्या पेजेने चिकटवलेले होते. पाहुणे आले की रूपजी त्यांना भिंतीपुढे उभं करून आपले बैल दाखवायचा, मेलेले आणि जिवंत दोन्ही. दोघं ओटीवर तासभर न बोलता बसलेले मी कितीदा पाहिलेत.

आता त्या गोऱ्ह्याची गोष्ट सांगते.

रूपजीकडे चांद्या नावाचा एक डांगी गोऱ्हा होता. डांगी म्हणजे आमच्या त्या भागातली जात, काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे मोठे ठिपके, अंग तेलकट, कितीही पावसात उभं राहणारं जनावर. चांद्या अडीच-तीन वर्षांचा झाला होता. जोडीतला एक बैल थकला होता, म्हणून येत्या पावसाळ्यात चांद्याला नांगराला लावायचं ठरलं होतं. कापणीनंतर रिवाजाप्रमाणे गुरं डोंगरात सोडली. उन्हाळा सरत आला तशी ती परत येऊ लागली. चांद्या आला नाही. रूपजी पंधरा दिवस डोंगर धुंडाळत होता.

मग एक दिवस ओढ्याशी एक लंगडणारा गोऱ्हा दिसला. काळा-पांढरा, त्याच वयाचा, वाळलेला, डावा कान फाटलेला. रूपजीने त्याला घरी आणून बांधलं आणि मला निरोप पाठवला. मी पाय धुऊन औषध लावलं. तिसऱ्या दिवशी डोंगरापलीकडच्या पाड्यावरचा लखमा आला. लखमाचं घरही काकांच्या ठरलेल्या घरांपैकी एक. त्याने गोऱ्हा पाहिला आणि म्हणाला की हा माझा मोऱ्या आहे. रूपजी म्हणाला, हा माझा चांद्या आहे. दोघेही ओरडले नाहीत. त्या भागात भांडणं मोठ्या आवाजात होत नाहीत, आणि म्हणून लवकर मिटतही नाहीत.

दोन्ही जनावरं एकाच वळूची, सारख्या वयाची. कानात मी मारलेला पिवळा बिल्ला असता तर नंबर पाहून क्षणात निकाल लागला असता, पण तो कान झुडपात अडकून फाटला होता आणि बिल्ला गेला होता. लोक माझ्याकडे आले. तुझ्या वहीत लिहिलेलं असेल, म्हणाले. मी रजिस्टर काढलं. रूपजीच्या गोऱ्ह्यापुढे मी लिहिलं होतं : काबरा, म्हणजे ठिपकेदार. लखमाच्या गोऱ्ह्यापुढे लिहिलं होतं : काबरा. बिल्ले मारण्याच्या घाईच्या दिवसांत मी सगळ्यांपुढे तेच लिहिलं होतं. ते पान त्या माणसांपुढे उघडं धरून उभं राहताना मला जी लाज वाटली ती साहेबांच्या कुठल्याही बोलण्याने कधी वाटली नव्हती.

पाड्यावरच्या चार जाणत्यांनी बसायचं ठरवलं. तेव्हा रूपजी स्वतःहून म्हणाला, "फोटूवाल्या काकांना बोलवा. त्यांच्याकडं दोघांचे फोटू हायेत. ते सांगतील तसं." लखमाला मान्य होतं. रूपजी आणि काकांची मैत्री त्याला माहीत होती, तरी त्याने हरकत घेतली नाही.

मी गोऱ्ह्याचे दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून आणले होते. संध्याकाळी ते काकांना दाखवले. त्यांनी दोन खोकी काढली, रूपजीचं आणि लखमाचं. जनावर मोठं होतं तसा ठिपका मोठा होतो, पण आकार बदलत नाही, लहानपणी असतो तोच राहतो. चांद्याच्या डाव्या खांद्यावरचा पांढरा पट्टा सलग पोटापर्यंत उतरत होता, अगदी वासरू असल्यापासून. मोबाइलमधल्या गोऱ्ह्याचा पट्टा मधे तुटला होता आणि खाली बेटासारखा एक वेगळा ठिपका होता. तसा ठिपका लखमाच्या खोक्यातल्या पाच फोटोंत होता.

काकांनी खोकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी जाताना वाटेत मी त्यांना एक सुचवलं, आणि ते मी लपवणार नाही. मी म्हटलं, फोटो जुने आहेत, नीट कळत नाही, असं सांगा. ते चौघे काय तो मध्यममार्ग काढतील. रूपजीकडे नांगराला दुसरं जनावर नाही. डबा छातीशी धरून ते बसले होते. महामार्ग ओलांडून आम्ही आत वळलो तेव्हा एवढंच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आज काशीचा चहा मिळणार नाही."

चिंचेखाली माणसं जमली होती. गोऱ्हा मधे बांधला होता. काकांनी चपला काढल्या, गोऱ्ह्याला नमस्कार केला आणि फोटो जमिनीवर दोन रांगांत मांडले, वर रूपजीचे, खाली लखमाचे. मग चौघांना एकेक करून वाकायला लावलं आणि बोटाने पट्टा दाखवला. सगळं झाल्यावर ते रूपजीकडे वळले.

"रूपजी, हे तुझे नाहीत."

रूपजी फोटोंजवळ आला नाही. काशीने पदर तोंडाला लावला. मला तेव्हा उमगलं की काकांनी त्या घराला नुसता गोऱ्हा तुझा नाही असं सांगितलं नव्हतं, तुझा चांद्या डोंगरात मेला असंही सांगितलं होतं. आता शोधायला कोणी जाणार नव्हतं.

लखमाने गोऱ्हा सोडला. रूपजी काकांपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आता माझ्या दारी येऊ नका."

"बरं," काका म्हणाले.

आठवड्याने काशी दवाखान्यात आली. जुन्या लुगड्यात बांधलेली एक पुरचुंडी तिने माझ्या टेबलावर ठेवली. भिंतीवरचे सगळे फोटो होते. रूपजीने स्वतः उचकटून काढले होते. पेजेने चिकटवलेले असल्यामुळे प्रत्येकाच्या मागे भिंतीचं सारवण तसंच आलं होतं, आणि त्याखाली काकांचं अक्षर दिसत नव्हतं. काशी म्हणाली की मी नको म्हणत होते. एवढंच बोलून गेली. काकांनी पुरचुंडी उघडली, एकेक फोटो उलटा करून पाहिला आणि तशीच, माती न झाडता, खोक्यात ठेवली.

नांगरणी अडली नाही. आपलं शेत आटोपल्यावर लखमा आपली जोडी घेऊन डोंगर उतरला आणि दोन दिवस रूपजीच्या शेतात राबला. रूपजीने त्याला जेवू घातलं. ज्याने गोऱ्हा नेला त्याच्यावर राग राहिला नाही, ज्याने खरं सांगितलं त्याच्यावर राहिला. मी हे काकांना म्हटलं तर ते म्हणाले की त्यात नवल काय, लखमा त्याचा कोण होता?

लावणीची फेरी आली. आम्ही त्या पाड्यावर गेलो. काकांनी बाकीच्या घरांचे फोटो काढले. रूपजीचं घर वाटेवरच होतं, गोठा वाटेवरून पुरा दिसत होता. मी म्हटलं, इथूनच काढा, वाट काही त्याची नाही. ते म्हणाले की त्याने नको म्हटलंय. स्कूटी पुढे गेली. घरी आल्यावर त्यांनी पोस्टकार्डाएवढा एक कोरा पुठ्ठा कापला, त्यावर 'रूपजीकडे. लावणी. गेलो नाही' असं लिहिलं आणि तो रूपजीच्या खोक्यात ठेवला. कापणीला दुसरा. माघात तिसरा. राबाच्या वेळी चौथा. पुढच्या लावणीला पाचवा. त्या वर्षा-दीड वर्षात ते थकले. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चालताना माझा हात लागू लागला. काकी त्यांच्या पानात जास्त तूप वाढायला लागल्या, आणि 'गांडा छे' म्हणणं त्यांनी जवळजवळ सोडून दिलं. ते ऐकू आलं नाही की मला घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

मीही एक केलं होतं. रजिस्टरमध्ये काबरा लिहिणं सोडलं होतं. प्रत्येक जनावरापुढे दोन-तीन ओळी लिहायचे, कुठला ठिपका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. वेळ लागायचा. साहेब कुरकुरायचे.

दुसऱ्या वर्षीची कापणी संपत आली होती. एका सोमवारी बाजारच्या गर्दीतून रूपजी आमच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो स्टुडिओत पहिल्या वेळी आला होता तेवढाच, घरी कधी आला नव्हता. धुतलेला सदरा होता, हातात काकडीची पिशवी होती. काकींनी पिशवी घेतली आणि खुर्ची दिली. तो खुर्चीवर न बसता पायरीवर बसला. काका खाली उतरून त्याच्या शेजारी बसले. मी रजेवर होते, दारातच उभी होते.

रूपजी रस्त्याकडे बघत बोलला.

"मला पैल्या दिशीच कळलं होतं. ओढ्याशी मी हाक मारली, चांद्या म्हणून. त्यानं कान पण हलवला नाय."

काकांनी मान डोलावली.

"मला वाटलं, तुमी सांगाल माझाच हाये. तुमी सांगितलं असतं तर मग माझाच झाला असता."

"हो," काका म्हणाले.

रूपजीने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. मग म्हणाला की कापणी झालीय, मळणी दोन दिवसांत होईल, गाय व्यायलीय, आणि काशी विचारते की फोटूवाल्यांचं आता चालणं होतं की नाही. काकांनी वासरू कसं आहे विचारलं. काळंभोर, रूपजी म्हणाला, एक ठिपका नाही. मग काका उठले आणि आत जाऊन त्यांनी डब्यात तांदूळ भरायला घेतले. पावसाळा कधीच संपला होता, तांदळाची काही गरज नव्हती. मी ते बोलून दाखवलं नाही.

त्याच दुपारी आम्ही तिघे निघालो, रूपजी बसने आणि आम्ही दोघे स्कूटीवर. काशीने चहा ठेवला होता. काका गोठ्यात गेले, गायीला म्हणाले, "कशा आहात?" आणि तिच्या समोर गवतावर बसले. त्या दिवशी त्यांनी किती फोटो काढले ते मी मोजलं नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांना कॅमेऱ्यातून नीट दिसत नव्हतं, म्हणून ते कॅमेरा रूपजीला धरायला देत, स्वतः बाजूने बघत आणि आता दाब म्हणत. रूपजी दर वेळी एक क्षण उशिरा दाबायचा. काका रागावले नाहीत.

परतताना ऊन उतरलं होतं. शेतांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहत होत्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, दीड वर्ष त्याने तुम्हाला दाराबाहेर ठेवलं आणि त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं, राग नाही आला? मागून, डब्यावर हनुवटी टेकवून, ते बोलले. त्या चिंचेखालच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, मी वर खोलीत गेल्यावर, त्यांनी लखमाच्या खोक्यातले ते पाच फोटो काढून टेबलाच्या खणात टाकले होते. लखमाकडचे सापडले नाहीत, असं सांगायचं ठरवलं होतं. सकाळी मी स्कूटी बाहेर काढली तेव्हाही ते खणातच होते.

"मग?"

"मग लखमाच्या गाईचं तोंड आठवलं. मोऱ्या झाले तेव्हा मी तिथे होतो. दिवसभर बसलो होतो त्यांच्यापाशी. त्या काय माझ्या सावत्र होत्या, डॉक्टरीणबाई?"

महामार्गावर ट्रकांची रांग होती, ती सरेपर्यंत आम्ही कडेला उभे राहिलो. घरी पोचलो तेव्हा काकी ओट्यावर वाट बघत होत्या. मी स्कूटी लावली, काकांना हात देऊन उतरवलं. डबा काकींच्या हातात देऊन ते पायऱ्या चढले, आणि दारातून मागे वळून मला म्हणाले, "परवा लवकर निघू. लखमाकडे मळणी आहे."

त्यांच्या मागून आत जाताना काकी पुटपुटल्या, "गांडा छे."